आपला फोटो दुसऱ्याच्या डोळ्यांनी: मुंबईत गटाने छायाचित्रण शिकण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातले दोन रविवार आम्ही पंधरा-वीस जण भेटतो. एका रविवारी दादरच्या एका खोलीत टेबलावर प्रिंट मांडून बोलतो, दुसऱ्या रविवारी कॅमेरे घेऊन पहाटे मुंबईत कुठेतरी उतरतो. गटात बँकेतले आहेत, शाळेत शिकवणारे आहेत, निवृत्त झालेले आहेत, कॉलेजातली मुलं आहेत. फोटोवर पोट असलेला एखादाच. नवीन माणूस आला की साधारण हेच प्रश्न विचारतो. उत्तरं माझी आहेत. गटातल्या इतरांचं जिथे वेगळं म्हणणं आहे, तिथे तेही सांगितलं आहे.

फाइन आर्ट फोटोग्राफी म्हणजे नेमकं काय? लग्नाचे किंवा बातमीचे फोटो कला नाहीत का?

असू शकतात. फरक मागणीचा आहे. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी नीट दिसायला हवेत, बातमीच्या फोटोत काय घडलं ते कळायला हवं. ही मागणी दुसऱ्या कोणाची तरी असते. अशी मागणी नसताना, काढणाऱ्याला काहीतरी दिसलं, आत हललं, म्हणून काढलेला फोटो म्हणजे कलात्मक छायाचित्र, एवढी साधी व्याख्या आम्हाला पुरते. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने १९२२ पासून कितीतरी वर्षं नुसते ढग टिपले. ते ढग आपल्या मनातल्या अवस्थांची प्रतिरूपं आहेत, असं तो मानत असे. ढगाचा फोटो कोणी मागितला नव्हता.

म्हणून विषय भव्य असायला हवा, ही समजूत आधी सोडा. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर पुरते.

हे सगळं एकट्याने शिकता येत नाही का? गट कशासाठी?

तंत्र एकट्याने येतं. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचं छिद्र किती मोठं, उजेड किती वेळ आत येतो आणि कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) यांचं नातं समजायला दोन आठवडे आणि हात बसायला सहा महिने लागतात. एकट्याला जमत नाही ते आपलाच फोटो पाहणं.

माझंच सांगतो. जानेवारीतल्या एका सकाळी मी भाऊच्या धक्क्यावर दोन तास उभा होतो. धुरकट पांढऱ्या उजेडातून एक होडी हळूहळू आकार घेत आली. डिझेलचा वास, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, गार पडलेली बोटं, सगळं त्या एका क्षणात होतं. तो फोटो मला माझा सर्वात चांगला फोटो वाटायचा. प्रिंट टेबलावर ठेवली आणि पहिल्याच बाईंनी विचारलं, "ही काठी होडीच्या बरोबर मधून का गेलीय?" दुसरे म्हणाले, "पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही, पण ते मुद्दाम केलंय की राहून गेलंय?" धुक्याचं कौतुक कोणीच केलं नाही. घरी येऊन मी तो फोटो पुन्हा पाहिला, आणि पहिल्यांदाच मला ती काठी दिसली. वर्षभर ती तिथेच होती.

ती सकाळ माझ्या आठवणीत होती, कागदावर उतरलेली नव्हती. आणि हे मला मी कधीच सांगू शकलो नसतो, कारण फोटो पाहताना मी दर वेळी ती सकाळच पाहत होतो. कागदावर किती आलंय ते जो तिथे नव्हता तोच सांगू शकतो. गटाचं मोल माझ्या लेखी मुख्यतः हे आहे.

आणि मुंबईला हे नवीन नाही. फोटोग्राफीचा शोध जगाला कळला १८३९ साली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली होती. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. पुढे १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाही इथेच सुरू झाली. एकत्र बसून एकमेकांचे फोटो पाहायचे, ही या शहराची पावणेदोनशे वर्षांची सवय आहे.

चर्चेची बैठक कशी चालते?

सविस्तर सांगतो, कारण चर्चेची पद्धत चुकली तर चर्चा न केलेली बरी.

प्रिंट मधोमध ठेवली जाते. कोणाची आहे ते सांगत नाहीत. पहिलं मिनिट कोणीही बोलत नाही. घड्याळ लावून एक मिनिट. फोनवर फोटो पाहताना अंगठा दोन सेकंदांत पुढे सरकतो, त्यामुळे हे एक मिनिट सुरुवातीला फार लांब वाटतं. चाळीस सेकंदांनंतर कोपऱ्यातल्या गोष्टी दिसायला लागतात.

मग पहिली फेरी: फक्त दिसतं ते सांगायचं. "डावीकडे भिंत आहे, तिच्यावर ओल आहे, एक म्हातारी पायरीवर बसलीय, तिचा हात चौकटीच्या कडेला कापला गेलाय." चांगलं-वाईट काही नाही. नव्या लोकांना ही फेरी बाळबोध वाटते. पण सात जणांनी सात गोष्टी सांगितल्या आणि त्यात म्हातारीचा उल्लेख पाचव्या क्रमांकावर आला, तर छायाचित्रकाराला न बोलता खूप काही कळतं.

दुसऱ्या फेरीत काय वाटलं ते सांगायचं, आणि कशामुळे वाटलं ते बोट ठेवून दाखवायचं. "उदास वाटलं" एवढं पुरत नाही. "उदास वाटलं, कारण उजेड तिच्या पाठीवर आहे आणि चेहरा सावलीत" असं बोललं की ते काढणाऱ्याच्या कामाचं होतं. डोळा आधी कुठे गेला, मग कुठे, आणि चौकटीतून बाहेर कुठून निसटला, हेही याच फेरीत येतं. आमच्या अनुभवात निसटण्याची जागा बहुतेकदा वरच्या कोपऱ्यातला पांढरा आकाशाचा तुकडा असते.

इथपर्यंत ज्याचा फोटो आहे तो गप्प. खुलासा नाही, "तेव्हा ना असं झालं होतं" नाही. तिसऱ्या फेरीत तो प्रश्न विचारतो: "मला गर्दीतला एकटेपणा दाखवायचा होता, तो पोहोचला का? नसेल तर काय आड आलं?" आणि शेवटी, त्याने हवं म्हटलं तरच, सूचना. इथून कापून बघ, सावल्या थोड्या उचल, पुन्हा जाऊन गुडघ्यावर बसून काढ.

सूचना परवानगीने द्यायच्या, ही कल्पना आम्ही लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास बांधलेल्या पद्धतीवरून घेतली. ती नाचासाठी होती, पण कुठल्याही अर्धवट कामाला लागू पडते.

एका फोटोला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. दोन तासांत आठ-नऊ फोटोंच्या वर जात नाही.

"छान आहे" म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, मिळतही काही नाही. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सगळे "छान" म्हणतातच. त्यातून पुढचा फोटो कसा काढायचा ते कळत नाही. "वाईट आहे" हाही तितकाच निरुपयोगी शेरा. दाद द्यायला आमची ना नाही, फक्त ती कशाला दिली ते सांगा.

टीका ऐकून मन खट्टू होतं. काय करावं?

होतं. माझं अजूनही होतं. जीव ओतलेल्या वस्तूवर परकी माणसं बोट ठेवतात, तेव्हा लागणारच. दोन गोष्टींची मदत होते. एक, काढल्यानंतर महिनाभर तरी फोटो बैठकीला आणू नका. महिन्यात नाळ थोडी सैल होते. दुसरी, ऐकताना वहीत शब्दशः लिहून घ्या, मनात उत्तर जुळवत बसू नका. आठवड्याने वही उघडली की त्यातलं अर्धं आपोआप गळतं आणि उरलेलं अर्धं खरं असतं.

फोटोवर बोलायचं, माणसावर नाही. हा नियम मोडला तर बैठक तिथेच थांबवतो. एकदा एका ज्येष्ठाने कॉलेजातल्या मुलीला "तुला बघताच येत नाही" असं म्हटलं. ती पुन्हा आली नाही. त्या दिवशी मी वेळीच बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. हा नियम त्यानंतर भिंतीवर लावला.

मला फोटोतलं काही कळत नाही. मी दुसऱ्याच्या फोटोवर काय बोलणार?

पहिल्या फेरीला डोळे लागतात, ज्ञान नाही. उलट तंत्र माहीत असलेले आम्ही लोक लेन्स कोणती असेल याचा विचार करत बसतो आणि फोटोतल्या मुलाच्या पायात दोन वेगळ्या चपला आहेत, हे गटात पहिल्यांदा आलेली गृहिणी सांगते.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलण्याने बोलणाऱ्याची जास्त प्रगती होते, असं मला वाटतं. का आवडलं ते शब्दांत मांडायची सवय लागली की रस्त्यात कॅमेरा डोळ्याला लावतानाच ते शब्द आठवतात.

सगळ्यांची मतं वेगवेगळी पडली तर कोणाचं ऐकायचं?

दोषाच्या जागेबाबत गटाचं ऐका, उपायाबाबत स्वतःचं. पाच जणांना उजवा कोपरा खटकला तर तिथे काहीतरी आहे हे नक्की. तो कापायचा, काळवंडायचा की आणखी उठावदार करायचा, हे तुम्ही ठरवा. पाचही जणांचे उपाय मानले तर तो फोटो कोणाचाच उरणार नाही.

स्क्रीनवर दाखवावं की प्रिंट काढावी?

प्रिंट. यावर गटात वाद आहे, तरुण मुलांना खर्च खटकतो, आणि ते चुकीचं बोलत नाहीत. तरी माझं मत प्रिंटचंच. स्क्रीन आतून उजळते, कागद बाहेरचा उजेड परत फेकतो. त्यामुळे स्क्रीनवर खुलणाऱ्या सावल्या कागदावर काळ्या ठिक्कर होतात. प्रिंट काळपट आली की लोक लॅबला दोष देतात. बहुतेकदा आपल्या मॉनिटरचा ब्राइटनेस जास्त असतो. तो कमी करून पुन्हा एडिट करा.

चर्चेसाठी ८ बाय १० इंच पुरे. ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) धरलं तर २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण ७ मेगापिक्सेल. कोणताही बरा मोबाइल एवढं देतो. १२ बाय १८ ला मात्र ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत, साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आसपास. कागद मॅट किंवा लस्टर (कमी चकाकणारा) घ्या. चकचकीत ग्लॉसी कागदावर ट्यूबलाइट दिसते आणि सगळे मान वाकडी करून पाहतात.

कार्डशीटचे एल आकाराचे दोन काळे तुकडे कापून आणा. ते प्रिंटवर सरकवून कुठे कापायचं ते फोटोला हात न लावता पाहता येतं. आणि अधूनमधून प्रिंट उलटी करून बघा. माणूस, घर, झाड ओळखू येईनासं झालं की उरतो तो नुसता उजेड-अंधाराचा तोल, आणि तो कलला असेल तर लगेच कळतं.

कॅमेरा कोणता घ्यावा?

आहे तो. नवीन घेण्याआधी वर्षभर एकाच लेन्सवर काढा, जमल्यास ३५ किंवा ५० मिलिमीटरच्या. जुनी लेन्स बघायची असेल तर फोर्टात बोरा बाजारात एक चक्कर मारा.

भटकंतीला कुठे जाता?

मुंबईत समुद्र पश्चिमेला, म्हणून सूर्यास्त सगळ्यांनी काढून झालेले असतात. आम्ही पूर्वेचा किनारा धरतो. शिवडी, भाऊचा धक्का, माझगाव: इथे सूर्य पाण्यावरून उगवतो आणि गर्दी फक्त काम करणाऱ्यांची असते. शिवडीच्या चिखलपट्ट्यावर थंडीपासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी असतात, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जावं लागतं. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर जातात, पूर्ण भरतीला चिखल बुडतो. मधले दोन-तीन तास आपले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून तिथलं क्षितिज बदललं आहे. काहींना तो पूल चौकटीत नको असतो. मला तो टाळणं खोटं वाटतं.

दादरचा फुलबाजार उजाडण्याआधी. पिवळ्या बल्बखाली झेंडूचे ढीग आणि पुलावरून उतरणारा निळसर उजेड एकाच वेळी अर्धा तासच मिळतो. रंगांचं तापमान (कोणता उजेड पिवळट, कोणता निळसर) म्हणजे काय हे पुस्तकातून समजत नसेल तर तिथे समजतं. वाटेत उभं राहायचं नाही, पाट्या घेऊन धावणाऱ्यांचा तो धंद्याचा वेळ असतो.

कान्हेरी हा अंधाराचा वर्ग आहे. शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि मोठ्या लेण्यांत उजेड समोरून आत येतो आणि खांबागणिक मंदावत जातो. खांब मोजत आत जायचं आणि प्रत्येक खांबापाशी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) कसं बदलतं ते लिहायचं. संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून भिंतीला पाठ टेकून श्वास रोखायची सवय होते.

बाणगंगेच्या पायऱ्या रेषांसाठी. बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी, जेव्हा रस्ते रिकामे आणि इमारतींच्या सावल्या लांब असतात. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि समोर आर्ट डेको शैलीच्या इमारती. २०१८ मध्ये या दोन्ही मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. तिथे कोणाला कोणती बाजू खेचते, ते पाहण्यात मला नेहमी रस असतो. लालबाग-परळ सणाचे दिवस सोडून एरवी. गणपतीत तिथे फोटो काढायला हजारो जातात, आम्ही तेव्हा दर्शनाला जातो.

रविवार निवडताना लोकल रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) बघतो. हार्बर मार्गावर ब्लॉक असेल तर शिवडी पुढच्या वेळी.

सगळे एकाच जागी गेल्यावर सगळ्यांचे फोटो सारखेच येणार ना?

हाच तर प्रयोग आहे. एकदा बाणगंगेला आम्ही अकरा जण होतो. तासाभराने चहाच्या टपरीवर प्रत्येकाने एकच फोटो दाखवला. कोणी पायऱ्यांची लय धरली होती, कोणी बदकं, कोणी पाण्यात पडलेल्या मागच्या उंच इमारतींचं प्रतिबिंब. एका काकांनी फक्त भिंतीवरचा शेंदूर काढला होता, आणि त्यांच्या मागच्या चार भटकंत्यांच्या फोटोंतही लाल रंगाचा एक डाग होता. त्यांना ते माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. आता ते मुंबईतल्या लाल रंगावर एक मालिका करताहेत.

एकाच जागी, एकाच उजेडात उभं राहिल्यावर जागेला श्रेय देता येत नाही. जे वेगळं आलं ते आपलं.

सॅन फ्रान्सिस्कोत १९३२ मध्ये 'ग्रुप एफ/६४' नावाचा गट झाला. चित्रासारखे धूसर फोटो काढण्याच्या चालीविरुद्ध त्यांचा आग्रह होता की फोटो पूर्ण स्पष्ट, काटेकोर असावा. गटाचं नावच लेन्सच्या अगदी लहान छिद्रावरून घेतलेलं. नियम एक, पण अँसेल अ‍ॅडम्सने डोंगर पाहिले, एडवर्ड वेस्टनने ढोबळी मिरची आणि इमोजेन कनिंगहॅमने फुलं. कोणाचा फोटो कोणाचा ते आजही लगेच ओळखू येतं.

कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी?

मुंबईत मेअखेर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातला. म्हणजे थंडीत तासभर जास्त झोप मिळते. डिसेंबर-जानेवारीत हवेत धुरकटपणा असतो, त्याने दूरच्या गोष्टी फिकट होत जातात आणि खोली दिसते. त्याच्याविरुद्ध भांडू नका, वापरा.

मे महिन्यात दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये असं सगळे सांगतात. १५ मेच्या आसपास सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. आम्ही मुद्दाम त्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता भेटतो. खांब, रेलिंग, माणसं, सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. वर्षात असा उजेड पुन्हा फक्त जुलैच्या शेवटी येतो, आणि तेव्हा ढग असतात.

पावसाळ्यात बंद असतं का?

मुळीच नाही. ढगाळ आकाशासारखा मऊ उजेड स्टुडिओत विकत घ्यावा लागतो. काळजी मात्र घ्या. एसीतून एकदम बाहेर आलात तर लेन्सवर वाफ धरते, वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या. घरी आल्यावर कॅमेरा पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कपाटात चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेली माझी एक लेन्स दोन पावसाळ्यांत बुरशीने गेली.

लोकांचे फोटो विचारून काढायचे की न विचारता?

गटात यावर एकमत नाही. विचारलं की माणूस सावध होतो, हे खरं आहे. माझं मत असं: घराच्या आत किंवा दारात, अंघोळ, झोप, दुःख, आजारपण, आणि लहान मुलं, इथे विचारल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. वरळी कोळीवाडा किंवा खोताची वाडी ही लोकांची घरं आहेत. ओट्यावर मासळी निवडणाऱ्या मावशींशी आधी पाच मिनिटं बोला. नाही म्हणाल्या तर नाही. हो म्हणाल्या तर पुढच्या महिन्यात ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन द्या. कोळीवाड्यात आम्हाला आज आवाज देऊन बोलावतात, ते या प्रिंटमुळे.

पंधरा कॅमेरे एका माणसासमोर कधीच उभे राहत नाहीत. उतरल्यावर दोघा-दोघांत पांगायचं, दोन तासांनी ठरल्या जागी यायचं.

पोलीस किंवा सुरक्षारक्षकाने अडवलं तर?

थांबायचं, हुज्जत घालायची नाही. ससून डॉकच्या शेजारी नौदलाचा भाग आहे, त्यामुळे परवानगीची चौकशी केल्याशिवाय तिथे कॅमेरा काढत नाही. रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड लावत नाही. ड्रोन भटकंतीला आणायचा नाही.

बायका-मुलींना पहाटे यायला सोयीचं आहे का?

गटात जवळपास निम्म्या बायका आहेत. भेटायची जागा नेहमी स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी असते, अंधाऱ्या गल्लीत नाही, आणि जोडी ठरल्याशिवाय कोणी निघत नाही. होमाई व्यारावाला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि १९३० च्या दशकात याच शहराच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन फिरल्या. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. आमच्या मुली त्यांचे मुंबईचे फोटो पाहून येतात तेव्हा वेगळ्याच उत्साहात असतात.

एडिटिंग किती चालतं?

उजेड-अंधार, रंग, कापणं, डॉजिंग-बर्निंग (फोटोचा ठरावीक भाग उजळ किंवा गडद करणं), हे सगळं डार्करूमच्या काळापासून चालत आलं आहे. नसलेली वस्तू घातली किंवा असलेली काढली तर ते सांगायचं. एआयने तयार केलेली चित्रं या टेबलावर नको, कारण आमचा पहिला प्रश्न "तू कुठे उभा होतास?" हा असतो.

स्पर्धांना फोटो पाठवावेत का?

पाठवा, पण परीक्षण आणि चर्चा यांची गल्लत करू नका. सलोनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनात, परीक्षकासमोर शेकडो फोटो भराभर जातात. तिथे पहिल्या झटक्यात धक्का देणारा फोटो टिकतो, हळू उलगडणारा मागे पडतो. नाकारला गेला म्हणून फोटो टाकून देऊ नका. आणि स्वीकारला जाणाऱ्या साच्यात काढायची सवय लागली तर त्यातून बाहेर पडायला वर्षं जातात. गटातल्या दोघांना फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या किताबांची ओढ आहे, त्यांना हे पटत नाही. चालायचंच.

सुटा फोटो आणावा की मालिका?

सहा महिने सुटे आणा. मग ४ बाय ६ च्या तीस-चाळीस प्रिंट जमिनीवर पसरा आणि इतरांना त्यांतले दहा निवडायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहा. कोणते फोटो आपसूक शेजारी येतात ते पाहताना विषय सापडतो. सर्वात लाडका फोटो बऱ्याचदा मालिकेत बसत नाही. तो काढून ठेवायला इतरांचेच हात लागतात.

चांगले फोटो प्रत्यक्ष बघायला मुंबईत कुठे जावं?

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातली दिलीप पिरामल आर्ट गॅलरी छायाचित्रांसाठीच आहे. जहांगीर आर्ट गॅलरीत आठवड्यागणिक प्रदर्शनं बदलतात, एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला दालन) रस्त्यापलीकडेच. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईच्या खुणा आहेत. फोटो बघायला जाल तेव्हा एका फोटोसमोर पाच मिनिटं उभे राहा, बाकीचे राहिले तरी चालतील. आणि चित्रंही बघा. उजेड कुठून घ्यायचा हे चित्रकारांना आपल्याआधी कळलं.

गटात दाखवलेला फोटो कोणी वापरला तर?

फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. टेबलावरच्या प्रिंटचा मोबाइलने फोटो काढायचा नाही, हा आमचा नियम आहे. कल्पना मात्र उधार घ्यायला हरकत नाही.

वर्गणी किती?

खोलीचं भाडं आणि चहा वाटून घेतो. विद्यार्थ्यांकडून काही घेत नाही.

पहिल्या बैठकीला काय आणू?

तीन प्रिंट. एक तुम्हाला आवडणारी, एक फसलेली, आणि एक अशी की ती का जपून ठेवलीय ते तुम्हालाच सांगता येत नाही. बोलणं बहुधा तिसरीवर जास्त होतं. एक वही आणा. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहा, पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. नाव लिहू नका. ते सगळ्यांचं बोलून झाल्यावर सांगायचं.